‘बाय’ने सुरू होणारा इंग्रजी शब्द मराठीत आणण्यापूर्वी

मराठवाड्यातल्या एखाद्या गावी दर सोमवारी बाजार भरत असेल, तर आपण ‘आठ दिवसांनी बाजार’ असे म्हणतो, कारण जाणारा आणि येणारा असे दोन्ही सोमवार आपण मोजतो. याच हिशेबाने ‘पंधरा दिवसांनी’ म्हणजे प्रत्यक्षात चौदा दिवसांनी होते. इंग्रजीतला ‘फोर्टनाइट’ हा शब्दही ‘चौदा रात्री’ यावरूनच आलेला आहे, त्यामुळे ‘फोर्टनाइटली’साठी ‘पाक्षिक’ हा प्रतिशब्द चांगला बसतो. मात्र महिन्याच्या १ आणि १५ तारखेला निघणाऱ्या पाक्षिकाचे वर्षाला २४ अंक होतात, तर दर चौदा दिवसांनी निघणाऱ्याचे २६. वर्गणी किंवा मजुरीचा हिशेब करताना हा दोनाचा फरक डोळ्याआड करू नये.

खरी अडचण ‘बाय’ या उपसर्गाची आहे. ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, आणि ‘बायमंथली’ म्हणजे महिन्यातून दोनदा की दोन महिन्यांतून एकदा, हे त्या शब्दावरून ठरत नाही. इंग्रजी शब्दकोश दोन्ही अर्थ देतात. रिझर्व्ह बँकेचे ‘बायमंथली’ पतधोरण दर दोन महिन्यांनी, म्हणजे वर्षातून सहा वेळा जाहीर होते, म्हणून तिथे ‘द्वैमासिक’ हाच शब्द बरोबर आहे. एका महाविद्यालयाच्या संशोधनपत्रिकेचे निवेदन मराठीत आणताना मी याच शब्दाचे ‘महिन्यातून दोनदा’ असे केले होते. त्याच पानावर, वर्गणीच्या रकान्यात, ‘वर्षाला सहा अंक’ असे स्पष्ट छापलेले होते, पण माझी नजर तिथवर गेलीच नाही. पुढे परभणीहून आणि जालन्याहून ‘अंक मिळाला नाही’ अशी पत्रे संपादकांना येऊ लागली, तेव्हा चूक माझी असल्याचे लक्षात आले. तेव्हापासून असा शब्द दिसला की मी आधी वर्षाचा आकडा शोधतो, तो मजकुरात नसेल तर मजकूर देणाऱ्याला विचारतो, आणि मगच मराठी शब्द लिहितो. आपणही असेच करावे.

‘सेमी’ मात्र भरवशाचा आहे; त्याचा अर्थ नेहमी ‘अर्धा’ असाच होतो. ‘सेमीवीकली’ म्हणजे अर्धसाप्ताहिक, ‘सेमीमंथली’ म्हणजे महिन्यातून दोनदा आणि ‘सेमीॲन्युअल’ म्हणजे अर्धवार्षिक. (‘सेमेस्टर’मधला ‘से’ हा या ‘सेमी’तला नव्हे, तो लॅटिनमधल्या ‘सहा’ या संख्येचा आहे.) ‘क्वार्टरली’त चौथा हिस्सा आहे खरा, पण तो वर्षाचा, म्हणून त्याचे ‘त्रैमासिक’ होते, ‘चातुर्मासिक’ नव्हे.

‘बायॲन्युअल’ आणि ‘बायेनियल’ ही जोडी कानाला इतकी सारखी वाटते की हटकून घोटाळा होतो. पहिल्याचा रूढ अर्थ वर्षातून दोनदा, दुसऱ्याचा दोन वर्षांतून एकदा. दुसरा लक्षात ठेवायला कांदा आठवावा. पहिल्या हंगामात तो पोसतो. निवडून ठेवलेला तोच कांदा बीजोत्पादक शेतकरी रब्बीत पुन्हा लावतात, त्याला डेंगळे येतात, त्यावर पांढरा गोंडा फुलतो आणि मग काळे बी हाती लागते. म्हणूनच इंग्रजी शेतीपुस्तके कांद्याला ‘बायेनियल’ म्हणतात. विधान परिषदेचे एकतृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, त्या निवडणुकाही ‘बायेनियल’ म्हणजे द्वैवार्षिकच.

स्वतः इंग्रजीत लिहायची वेळ आली, तर ‘बाय’चा शब्द टाळून ‘एव्हरी टू मंथ्स’ किंवा ‘ट्वाइस अ मंथ’ असे सरळ लिहावे. दोन अक्षरे वाढली तरी वाचणाऱ्याची गफलत होत नाही.

दिवसांच्या मोजणीत आपली मराठी अधिक नेटकी आहे, पण ती इंग्रजीत नेताना जपावे लागते. नळाला दिवसाआड पाणी येत असेल, तर ‘एव्हरी अदर डे’ म्हणावे. ‘एव्हरी थर्ड डे’ म्हणजे दोन दिवसांआड, कारण ‘आड’ मध्ये कोरडे गेलेले दिवस मोजतो आणि इंग्रजी पाण्याचा दिवसही मोजणीत धरते. सोमवारी पाणी आले आणि सूचनेत ‘एव्हरी थर्ड डे’ असेल, तर हंडे गुरुवारी रिकामे ठेवावेत, शुक्रवारी नव्हे.