पडवीच्या खांबाला लोखंडी यू-पट्टी

३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ जमिनीवर आलं, तेव्हा दापोलीकडच्या आमच्या घराची पडवी पत्र्यांसकट उचलली गेली. किंजळीच्या लाकडाचे सहाही खांब तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, नुसते टेकलेले होते, वजनावर उभे. वाऱ्याने वर ओढलं की धरून ठेवायला खाली काहीच नाही. आडवे पडलेले खांब पाहिले, तर प्रत्येकाचं बूड वीतभर कुजलेलं. जांभ्याच्या जोत्यातून चढणारी ओल आणि वाळवी, दोघांनी मिळून खाल्लेलं.

म्हणून नव्या खांबांना मी यू-पट्ट्या केल्या. यू-पट्टी म्हणजे इंग्रजी U सारखी वाकवलेली लोखंडी पट्टी, खांबाचं बूड तिच्यात बसतं. ती खांबाला जमिनीपासून बोटभर वर ठेवते आणि वादळात खाली धरते. मी आयुष्यभर फिटरकाम केलंय, पण हे काम ड्रिल मशीन आणि गावचा लोहार एवढ्यावर होतं, वेल्डिंग लागत नाही.

पट्टी ७५ बाय ६ मिलिमीटरची घ्या (पुढची मापंही मिलिमीटरमध्येच), मीटरला साधारण साडेतीन किलो भरते. आधी खांब मोजा. सुतार चार इंची म्हणतो, पण रंधा मारल्यावर तो कमीजास्त असतो. माझे बरोबर १०० मिलिमीटर होते. पावसात लाकूड फुगतं, म्हणून आतलं अंतर १०२ धरलं. यूचे दोन्ही उभे हात आतून १५० आणि प्रत्येक वाकाला पट्टीच्या निम्म्या जाडीची भर, म्हणजे एक तुकडा ४०८चा. एक फालतू तुकडा आधी वाकवून बघा, कारण प्रत्येक लोहाराच्या हाताचा वाक थोडा वेगळा येतो.

भोकं पट्टी सपाट असतानाच पाडा. बरोबर मधोमध १८चं एक, त्यातून सळई येईल. मधल्या रेघेपासून दोन्हीकडे १२४ आणि १६९वर ११ची भोकं, १० मिलिमीटरच्या बोल्टांसाठी. ही एका रेषेत घेऊ नका, लाकूड त्याच रेषेत उभं फाटतं. एक कडेपासून २५वर, दुसरं ५०वर. आणि दोन्ही हातांना माप पट्टीच्या एकाच कडेपासून घ्या. पहिल्या तुकड्यात मी दुसरा हात उलट्या कडेने मोजला आणि दोन्ही बोल्ट तिरके जायला लागले. तो तुकडा भंगारात गेला. आधी ४चं भोक, मग मोठं ड्रिल, वेग कमी आणि तेलाचा थेंब चालू.

वाकाच्या खुणा मधल्या रेघेपासून साडेबावन्नवर. भट्टीत लाल करून १०२ रुंदीच्या लोखंडी ठोकळ्यावर घणाने वाकवून घ्या. तापलेली पट्टी पाण्यात बुडवू नका, तशीच निवू द्या. काही जण ग्राइंडरने अर्धी चीर पाडून हाताने वाकवतात. चीर वेल्डिंगने नीट भरली नाही तर नेमक्या जोराच्या जागी पट्टी अर्धीच उरते. मला ते पटत नाही.

तळखड्याच्या जागी फूटभर खोल काँक्रीट, त्यात खालचं टोक वाकवलेली १६ची आट्यांची सळई ओळंब्यात. खालचा नट आणि वायसर जमिनीपासून २५वर ठेवून पाणसळ बघा, त्यावर यू-पट्टी, वर वायसर आणि दुसरा नट. खांबाच्या बुडाला या नटासाठी खोबण कोरावी लागते. खांबाचं बूड पट्टीवर पूर्ण बसलंच पाहिजे. छपराचा भार तिथूनच खाली जातो, बोल्ट फक्त वाऱ्यासाठी आहेत. एका सळईवर खांब ताठ उभा राहत नाही, तेव्हा वर भालाला, म्हणजे खांबांवरच्या आडव्या तुळईला, तिरके आधार हवेतच.

रंगाची घाई करू नका. किंजळ, ऐन ही लाकडं ओली झाली की लोखंडाला काळं करतात आणि खातात, त्यात आमच्याकडे खारा वारा. जवळच्या औद्योगिक वसाहतीत हॉट डिप गॅल्वनायझिंग (वितळलेल्या जस्तात बुडवून थर चढवणं) होत असेल तर तेच करा, नाहीतर झिंकचा प्रायमर दोन हात, आतल्या बाजूला आणि भोकांच्या कडांनाही. बोल्ट, नट, वायसर गॅल्वनाइझ्डच. बुडाच्या उघड्या तोंडाला मी डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलांचं तेल, पाजलं, हातमोजे घालून, ते कातडी भाजतं.

खांबातली भोकं दोन्ही बाजूंनी अर्धी-अर्धी पाडा, म्हणजे ड्रिल भरकटत नाही. पहिल्या उन्हाळ्यात लाकूड सुकून आकसतं, तेव्हा नट पुन्हा आवळा. मी दर एप्रिलला आवळतो.