पंच कार्डं, डाळिंबाच्या साली आणि धावदोरा: भिंतीवरची गोधडी अशी करा

गोधडी अंगावर घ्यायची सोडून भिंतीला कशाला टांगायची, असं आमची अक्का अजून विचारते आणि विचारता विचारता टाके घालते. रंग माझा, टाका तिचा, अशी आमची वाटणी आहे. माझी सगळी नोकरी चादरीच्या नक्षीचे ग्राफ भरण्यात गेली. मोर असो नाहीतर कमळ, सगळं चौकोनातच बसवायचं. गोधडीत रेघ वाकडी गेली तरी कुणी माल परत पाठवत नाही, हे मला फार आवडतं.

हल्ली ज्याला आर्ट क्विल्ट म्हणतात त्याला तीन गोष्टी लागतात: कापडाचे थर, ते धरून ठेवणारा टाका आणि वर काहीतरी चित्र. रंगानं अर्धंच सांगायचं, उरलेलं टाक्यावर सोडायचं, एवढं पाळा. सगळं चित्र रंगानंच संपवलंत तर पुढची शिवण उगाच होते.

उदाहरणाला आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतलं, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेतलं, शोभेचं दारूकाम घेऊ. वर काळं आभाळ, मधे पाळण्यांचे दिवे, खाली सिद्धेश्वर तळ्याचं पाणी. पहिल्यांदा २४ बाय ३० इंचांपेक्षा मोठं करू नका. अस्तर आणि मधला थर मात्र चारी बाजूंनी दोन-दोन इंच जास्त घ्या, कारण टाके पडत जातात तसं कापड आत ओढलं जातं.

कापड निव्वळ सुती हवं. पाण्याच्या भागासाठी मांजरपाट (कोरं, न रंगवलेलं सुती कापड) घ्या आणि गरम पाण्यात साबण घालून त्याची खळ पूर्ण काढा. खळ गेली का हे बघायला वाळलेल्या कापडावर पाण्याचा एक थेंब सोडा. थेंब मण्यासारखा उभा राहिला तर परत धुवा, लगेच जिरला तर कापड रंग घेईल. ही धुण्याची कामं आम्ही नळाच्या दिवशीच काढतो. आमच्याकडे पाणी रोज येत नाही, हे सोलापूरकरांना सांगायला नको.

मधल्या थराला नवी चादर घालू नका. सोलापूरची चादर म्हटल्यावर सगळ्यांना तोच मोह होतो, पण जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राची, वीण जाड असते, सुई निघत नाही आणि बोटं सुजतात. वापरून वापरून मऊ झालेली चादर चालेल. जुनी सुती साडी त्याहून बरी. झिजलेला टर्किश टॉवेलही चांगला, कारण त्यानं टाक्यांच्या मधला भाग छान फुगतो.

आता पाण्याचा रंग. डाळिंब आपल्या जिल्ह्याचं, साली फुकट. कापडाच्या वजनाइतक्या वाळलेल्या साली तासभर उकळा, गाळा, त्या पाण्यात ओलं कापड पाऊण तास मंद आचेवर ठेवा आणि रात्रभर तसंच राहू द्या. मातकट पिवळा रंग येतो. दुसरीकडे जुने खिळे निम्मं पाणी, निम्मं व्हिनेगर अशा बरणीत, झाकण सैल ठेवून, आठवडाभर आधीच टाकून ठेवलेले असू द्यात. ते गंजाचं पाणी पातळ करून पिवळ्या कापडावर ब्रशनं आडवं ओढा. सालीतलं टॅनिन (तुरट द्रव्य) आणि लोखंड एकत्र आलं की रंग डोळ्यांदेखत फिरतो: आधी हिरवट, मग राखाडी, मग पाटीसारखा काळसर. सगळं कापड बुडवू नका, मधे मधे पिवळं राहू द्या, तेच पाण्यातलं उजेडाचं प्रतिबिंब. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात खळबळा आणि साध्या पाण्यानं धुवा. लोखंड जास्त राहिलं तर सूत काही वर्षांत कुजतं.

आभाळासाठी काळं सुती कापड आणि कपड्यांचं ब्लीच. आधी कोपऱ्यावर थेंब टाकून बघा. काही काळे रंग विटकरी होतात, काही नारिंगी, काही पक्के रंग हलतच नाहीत. पॉलिस्टरवर काही होत नाही आणि रेशीम तर ब्लीचमध्ये विरघळतं. ब्लीचमध्ये तेवढंच पाणी घाला, जुन्या नायलॉनच्या टूथब्रशवर घ्या आणि अंगठ्यानं केस मागे ओढून एका बिंदूभोवती शिंतोडे उडवा. दारूकाम फुटल्यासारखं दिसतं. हवा तो रंग दिसताच कापड पाण्यात टाका, मग हायपोच्या (ब्लीचचा जोर मारणाऱ्या सोडियम थायोसल्फेटच्या) पाण्यात. हायपोचे खडे शोभेच्या माशांच्या दुकानात मिळतात. नुसत्या पाण्यानं ब्लीच पूर्ण थांबत नाही, आतल्या आत धागा खात राहतं. हे काम गच्चीवर, हातमोजे घालून करा. वर सांगितलेलं व्हिनेगर आणि ब्लीच कधीही एका बादलीत येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. बाथरूमच्या ॲसिडचंही तेच.

पाळण्यांच्या दिव्यांसाठी माझी आवडती युक्ती जॅकार्डच्या पंच कार्डांची. आता मागावर इलेक्ट्रॉनिक जॅकार्ड आले, त्यामुळे पुठ्ठ्याच्या भोकाभोकांच्या कार्डांच्या माळा रद्दीत निघतात. ओळखीच्या कारखान्यात विचारलंत तर एखादी माळ सहज मिळेल. एक कार्ड सोडवा, दोन्ही बाजूंनी व्हार्निश मारून वाळवा, कापडावर घट्ट दाबून धरा. स्पंजच्या तुकड्यावर पिवळा फॅब्रिक कलर अगदी थोडा घ्या, आधी रद्दी पेपरवर टिपून जवळजवळ कोरडा करा, मग सरळ वरून ठोका. घासलंत की रंग कार्डाखाली पसरलाच. कार्ड उचललं की बारीक गोल ठिपक्यांच्या ओळी उमटतात, मधे जिथं भोक नाही तिथं अंधार. कुठल्या तरी चादरीतल्या मोराची किंवा कमळाची एक ओळ त्या ठिपक्यांत असते, ती फक्त मागाला वाचता येते. कार्ड थोडं थोडं फिरवत गोलात ठोकलंत की पाळणा झाला. काळ्यावर पिवळा फिका पडतो, म्हणून आधी पांढऱ्याचा एक हात द्या.

रंगाचा थर पातळच ठेवा. जाड थरातून सुई कटकट आवाज करत जाते आणि पडलेलं भोक बुजत नाही. २४ तास वाळवून उलट्या बाजूनं इस्त्री फिरवा. एप्रिल-मेमध्ये हे सगळं सकाळी लवकर उरका, दुपारी स्पंजवरच रंग वाळतो.

आभाळ आणि पाणी जोडा, तीन थर एकावर एक पसरा, मधून कडेला जात कच्चे टाके घाला. पुढं अक्काचं राज्य. मी एकदा पेन्सिलनं रेघा आखून दिल्या तर म्हणाली, "हे काय करायलास बे, इथंबी ग्राफच का?" तिची पद्धत अशी: पाण्यावर आडवा धावदोरा, लडीचे सहातले तीन पदर, टाका लहान-मोठा, ओळ मधेच तोडलेली. दिव्यांच्या खाली पिवळा दोरा, बाकी राखाडी. ओळी जवळ आल्या की कापडाला आपोआप सुरकुत्या पडतात आणि पाणी हलल्यासारखं वाटतं. आभाळात ब्लीचच्या ठिपक्यांपासून बाहेर जाणारा साखळी टाका, टोकाला गाठीचा टाका. सगळ्या ठिपक्यांवर नको, चार-पाच फटाके निवडा. तिन्ही थर धरले जातील असा टाका निदान दर चार बोटांवर हवाच, नाहीतर टांगल्यावर मधला थर खाली उतरून पोट सुटतं. अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) वापरा.

कडेला अस्तर पुढं दुमडून गोट घाला. मागच्या बाजूला वरच्या कडेला चार इंची पट्टीचा नेफा शिवा आणि त्यात पडद्याचा रॉड घाला. कोपऱ्यांना खिळे ठोकून टांगलंत तर कापड मधे झुकतं. उन्हाची भिंत टाळा, डाळिंबाचा रंग उन्हात उतरतो. धूळ बसली तर व्हॅक्युमच्या तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधून हलकेच ओढा. धुवायला टाकू नका.