सुटलेलं ध्यान पुन्हा धरताना

ध्यान नव्यानं शिकणाऱ्यापेक्षा मध्येच सुटलेल्याला ते पुन्हा धरणं जास्त जड जातं. नवखा माणूस दहा मिनिटं बसला तरी खूश असतो. आपल्याला मात्र आठवत असतं की एके काळी आपण तासभर जागचे हलत नव्हतो. विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर केलेल्यांना तर घरी गेल्यावर सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसा, असंच सांगितलेलं असतं. मग परतायचं ठरलं की आपण थेट तासालाच हात घालतो. दोन दिवस जमतं, तिसऱ्या दिवशी कुणीतरी आजारी पडतं किंवा ऑफिसात उशीर होतो, आणि पुन्हा कित्येक महिने काही नाही. म्हणून आधी तो जुना तास डोक्यातून काढा. पाच मिनिटं बसा. 'एवढंच?' असं वाटलं तर आकडा बरोबर धरलाय.

बसण्याआधी एकदा शांतपणे बघा, सुटलं कशामुळे. 'आळस' हे उत्तर सगळे पटकन देतात आणि ते बहुतेक वेळा अर्धवट असतं. पतंजलींनी योगसूत्रांत नऊ अंतराय, म्हणजे साधनेतले अडथळे, सांगितलेत: व्याधी, स्त्यान (मनाची जडता), संशय, प्रमाद (बेफिकिरी), आलस्य, अविरती (विषयांची ओढ न सुटणं), भ्रांतिदर्शन (चुकीची समज), अलब्धभूमिकत्व (पुढची अवस्था न गाठता येणं) आणि अनवस्थितत्व. आळस पाचवा आहे. पहिला मान आजारपणाचा. शेवटचा अनवस्थितत्व, म्हणजे साधलेली अवस्था हातात न टिकणं. अभ्यास सुटतो हे त्या यादीतच धरलेलं आहे, तेव्हा स्वतःला कोसत बसायचं कारण नाही. कारण सापडलं की उपायही वेगळा निघतो. गुडघा दुखत होता म्हणून सुटलं असेल, तर निग्रह वाढवून काय होणार, बैठक बदला. 'ही पद्धत आपली नाहीच बहुतेक' असा संशय असेल, तर निदान महिनाभर एकच पद्धत धरा आणि मग काय ते ठरवा. रोज नवं अ‍ॅप, रोज नवा आवाज, यानं संशय काही फिटत नाही.

आता वेळ. मी नर्स आहे, पाळ्यांमध्ये काम करते. 'पहाटे पाचला उठून बसा' हा सल्ला मला लागू पडणं शक्यच नाही. कितीतरी पहाटे मी वॉर्डात हँडओव्हरच्या नोंदी पूर्ण करत असते. म्हणून मी घड्याळ धरत नाही, प्रसंग धरते. ड्युटीवरून आलं, बूट काढले, युनिफॉर्म बदलला, हातपाय धुतले, की टॉवेल जागेवर टांगायचा आणि तिथूनच सरळ आसनावर. मोबाइल पर्समधून बाहेर काढायच्या आत. हा क्रम दिवसपाळीला दुपारी येतो, नाइटला सकाळी. क्रम तोच राहतो. तुमच्याही दिवसात असं काहीतरी असेल जे कुठल्याही दिवशी चुकत नाही. दात घासणं, मुलांना शाळेत सोडून येणं, दुकानाचं शटर उघडण्याआधीची दोन-चार मिनिटं. त्याच्या पाठीला ध्यान बांधा. मात्र 'जेवण झाल्यावर' नको, डुलक्या लागतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी ९६ जणांना अशीच रोजच्या एखाद्या प्रसंगाला जोडून नवी सवय लावायला सांगितली आणि बारा आठवडे नोंदी ठेवल्या. त्यांचा निबंध २०१० मध्ये छापला गेला. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मधला आकडा ६६ निघाला. पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणासाठी अंदाज थेट २५४ पर्यंत गेला. तेव्हा '२१ दिवसांत सवय' वगैरे विसरा. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, ती परतणाऱ्यांच्या जास्त कामाची: एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नाही. चुकलेल्या दिवसाची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी दुप्पट बसू नका. पाच म्हणजे पाचच.

बैठकीबद्दल थोडक्यात. मांडीच घालायला हवी असं काही नाही. खुर्चीवर बसा, पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, पाठ जमल्यास टेकू न घेता. मांडी घालायची असेल तर कमरेखाली ब्लँकेटची जाड घडी घ्या, म्हणजे कंबर गुडघ्यांपेक्षा वर राहते आणि पाठीला ओढ लागत नाही. पायाला मुंग्या येतात त्या बहुधा गुडघ्याजवळची नस दाबली गेल्यामुळे. पाय मोकळा केला की जातात. फक्त बधिर पायावर लगेच उभं राहू नका, पाऊल मुरगळतं.

डोळे मिटल्यावर करायचं काय? मी श्वास मोजते. एक ते दहा, श्वास बाहेर सोडताना एक आकडा, दहा झाले की परत एक. सतरावर पोचलात तर समजा, मन केव्हाच बाहेर गेलंय. काही न बोलता एकपासून सुरू करा. इथे माझ्या कामातली एक गोष्ट सांगते. रुग्णाचे श्वास मोजताना आम्ही त्याला सांगत नाही. मनगट धरून नाडी बघत असल्यासारखं करायचं आणि नजर छातीवर ठेवायची. कारण 'तुमचा श्वास मोजतेय' म्हटलं की तो लगेच बदलतो, कुणाचा खोल होतो, कुणाचा अडखळतो. ध्यानात मोजणारे आणि मोजून घेणारे आपणच, त्यामुळे सुरुवातीला श्वास ओढूनताणून झाल्यासारखा वाटणारच. 'माझा श्वास नैसर्गिक चालत नाही' म्हणून कितीतरी जण वैतागून उठतात. त्याला सरळ करायला जाऊ नका, थोड्या वेळानं लक्ष दिल्याची सवय होते आणि तो आपल्या चालीनं चालतो. मोठ्या माणसाचे विश्रांतीत मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास होतात. म्हणजे पाच मिनिटांत दहाच्या सहा ते दहा फेऱ्या, बस्स. एवढं कळलं की पाच मिनिटांचा धाकही राहत नाही.

टायमर लावा, नाहीतर अर्धं लक्ष घड्याळात जातं. मोबाइलचाच टायमर वापरणार असाल तर आधी तो फ्लाइट मोडवर टाका. उठल्यावर कॅलेंडरवर एक टिंब. 'आज छान लागलं', 'आज नुसते विचार' असं काही लिहू नका. त्यातून पुन्हा जुन्या तासाशी तुलना सुरू होते.

झोप येत असेल तर? नाइटनंतर मला येतेच. डोळे अर्धे उघडे ठेवून खाली फरशीवर नजर लावायची. तरी मान पडायला लागली तर उठून खोलीत हळूहळू चालत पावलं मोजायची. तेही जमत नसेल तर सरळ झोपा. थकलेल्या शरीराला झोप हवी असते, तिथे ध्यान दामटू नये.

पाचाचे दहा कधी करायचे? टायमर वाजल्यावर 'अरे, झालं पण?' असं बऱ्याचदा वाटायला लागलं की. त्याआधी नाही, आणि दहावर जाऊन दमछाक झाली तर निःसंकोच पाचावर परत या.

एका बाबतीत मात्र रेटू नका. डोळे मिटले की जुना धक्का उसळून येत असेल, छाती धडधडत असेल, बसून उठल्यावर दिवसभर घाबरल्यासारखं होत असेल, तर डोळे उघडा, पावलं जमिनीवर दाबा, आसपासच्या वस्तूंकडे बघा आणि त्या दिवसापुरतं थांबा. पुन्हा पुन्हा तसंच झालं तर मानसोपचारतज्ज्ञाशी बोला. आणि नैराश्याची किंवा झोपेची गोळी चालू असेल, तर ध्यान सुरू झालं म्हणून ती आपल्या मनानं बंद करू नका. कमी करायची की नाही हे डॉक्टरच सांगतील.