बर्निना एक्सप्रेस भरलेली, तरी प्रवास त्याच मार्गाने
स्वित्झर्लंडमधल्या कूरहून इटलीतल्या तिरानोला जाणाऱ्या बर्निना एक्सप्रेस या पर्यटक गाडीला आरक्षण सक्तीचं असतं, आणि आमच्या तारखेच्या सगळ्या जागा गेल्या होत्या. आई-बाबा सोबत, तारीख हलवणं अशक्य. वेळापत्रक चाळलं तेव्हा उपाय सापडला: त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही आणि स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा स्विस प्रवासाचा पास) तिरानोपर्यंत चालतो. सेंट मॉरिट्झला गाडी बदलायची, एवढंच.

जाताना उजवीकडे बसा. लांडवासर नदीवरचा ६५ मीटर उंच पूल, लागो बियांको तलाव तिकडूनच दिसतात. काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, म्हणून फोटोत काचेची चमक येत नाही. मला तर ही साधी गाडीच जास्त आवडली! आल्प ग्र्युम स्थानकावर उतरून पालू हिमनदी मनसोक्त पाहा आणि मागून येणारी गाडी पकडा. ओस्पित्सिओ बर्निना स्थानक २,२५३ मीटर उंचीवर आहे, स्वेटर हाताशी ठेवा.