चावणारी मोठी माशी ओळखताना या चुका टाळा

बाहेर मोकळ्यावर एखादी दणदणीत माशी अंगाभोवती घोंघावली की बहुतेक लोक लगेच ठरवून टाकतात की ही चावणारी गोमाशी. कुठे गांधी उठली की बिल फाडलं जातं समोर दिसेल त्या मोठ्या माशीवर, आणि खरी चावणारी तोवर निघून गेलेली असते. मग उपाय चुकतो, आणि उपाय करूनही फरक का पडत नाही हे कळत नाही.

पहिली चूक आकाराची, आणि ही जवळपास सगळे करतात. रॉबर फ्लाय नावाची माशी चांगली दोन-तीन सेंटिमीटर लांब असू शकते, दिसायला भयानक, पण ती दुसरे किडे हवेतल्या हवेत पकडून खाते, माणसाच्या रक्ताशी तिला काही घेणंदेणं नाही (हातात पकडलीत तर मात्र चावेल). उलट स्टेबल फ्लाय घरमाशीएवढीच असते, फार तर 7-8 मिलिमीटर, आणि मोज्यावरूनसुद्धा असं टोचते की माणूस उडीच मारतो. खुद्द गोमाश्यांमध्येही सेंटिमीटरपेक्षा लहान जाती आहेत आणि अडीच सेंटिमीटरपर्यंत जाणाऱ्याही आहेत. म्हणजे नुसतं ‘मोठी होती’ सांगून कोणीच तुम्हाला नाव सांगू शकणार नाही.

बघायचं काय, तर आधी चेहरा. गोमाशीचं डोकं रुंद असतं आणि जवळपास सगळं डोकं म्हणजे डोळेच, बऱ्याच जातींत हिरवे किंवा तांबूस, चमकदार, कधी त्यावर आडवे पट्टे, खरंच बघत राहावं इतके सुंदर. दोन डोळे वर एकमेकांना चिकटलेले असतील तर तो नर, तो फुलांचा रस पितो, चावत नाही. मधे बारीक फट दिसली तर मादी, आणि अंड्यांसाठी रक्त लागतं ते तिलाच. रॉबर फ्लायला समोरून बघितलं तर दोन डोळ्यांच्या मधे खोलगट खाच दिसते आणि तोंडावर राठ केसांची दाट मिशी, पोट मागे निमुळतं होत गेलेलं. एकदा ही मिशी बघितली की परत गोंधळ होत नाही.

इथेच अजून एक चूक होते, ती म्हणजे आधी चपलेने मारायची आणि मग संध्याकाळी निवांत ओळखायला बसायचं. मेल्यावर डोळ्यांचे ते रंग आणि पट्टे फिके पडत जातात, वाळलेल्या माशीचे डोळे नुसते काळपट दिसतात, मग फोटोतल्या माशीशी जुळत नाही म्हणून ही वेगळीच काहीतरी असं वाटतं. जिवंत असताना, बसलेली असताना फोटो काढा, आणि एकच वरून काढलेला नको, समोरून, बाजूने आणि पंख दिसतील असे दोन-तीन हवेत. मोबाईलमधलं अॅप एका ब्लर फोटोवरून थेट जातीचं नाव देतं, त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, गोमाश्यांच्या जगात 4,000 च्या वर जाती आहेत, फोटोवरून गट कळला तरी पुष्कळ झालं.

पंख मात्र नक्की बघा. गोमाश्यांचाच एक गट असलेल्या डिअर फ्लायच्या पंखांवर गडद तपकिरी डाग किंवा पट्टे असतात आणि बसल्यावर ती त्रिकोणी दिसते, डोकं-मान हे तिचं आवडतं ठिकाण. राखाडी ठिपक्याठिपक्यांचे पंख छपरासारखे अंगावर मिटून बसणारी एक गोमाशी आहे, ती आवाज न करता येते, त्यामुळे ‘भणभण नाही म्हणजे गोमाशी नाही’ हेही खरं नाही.

पिवळे-काळे पट्टे दिसले की लोक गांधीलमाशी म्हणून पळतात. माशीला पंख दोनच, गांधीलमाशीला चार, पण ती बसल्यावर पंख घडी करते आणि चारचे दोनच दिसतात, म्हणून नुसते पंख मोजून फसायला होतं. त्यापेक्षा डोक्यावरच्या मिशा (अँटेना) आणि कंबर बघा. लांब मिशा आणि बारीक कंबर असेल तर गांधीलमाशी, आखूड मिशा आणि मोठे डोळे असतील तर बहुतेक हवेत एका जागी तरंगणारी हॉवर फ्लाय, ती अजिबात चावत नाही, उगाच मारू नका.

‘साधी घरमाशी चावली’ असं कोणी म्हटलं तर ती घरमाशी नव्हतीच, कारण तिला चावताच येत नाही, तिचं तोंड स्पंजसारखं, फक्त चाटायला. ती स्टेबल फ्लाय. बाजूने बघितलं की डोक्याखालून पुढे आलेली सुईसारखी सोंड दिसते, आणि हिच्यात नर-मादी दोघंही चावतात, बहुतेक वेळा घोट्याजवळ.

ओळख पटण्यावर एवढा जोर देण्याचं कारण म्हणजे उपाय पूर्ण वेगळे आहेत. स्टेबल फ्लायच्या अळ्या कुजलेलं गवत, शेण, ओला कचरा यात वाढतात, ते साफ केलं की फरक पडतो. गोमाशीच्या बऱ्याच जातींच्या अळ्या चिखलात, पाणथळ मातीत असतात, तिथे तुम्ही अंगण कितीही झाडलंत, झुडपांवर फवारे मारलेत तरी उपयोग जवळपास शून्य. निळ्या लाईटची मशीन लावू नका, या दिवसा उन्हात फिरणाऱ्या माश्या आहेत, त्या हलणाऱ्या, गडद, चकाकत्या गोष्टींकडे येतात, म्हणून तर काळ्या गाडीभोवती घिरट्या घालतात. डासांच्या क्रीमवर फार भिस्त ठेवू नका, फिके, सैल, पूर्ण बाह्यांचे कपडे जास्त कामाचे. झेब्र्याच्या पट्ट्यांवर गोमाश्या नीट उतरू शकत नाहीत हे प्रयोगात दिसलंय, त्यामुळे घोड्यांसाठी पट्ट्यांच्या झुलीसुद्धा मिळतात.

आणि चावल्यावर काटा शोधत कातडी पिळू नका, माशीला काटा नसतोच. गोमाशी पात्यांसारख्या अवयवांनी कातडी कापते आणि वर आलेलं रक्त चाटते, म्हणून थेंब दिसतो. साबण-पाण्याने धुवा, गार पट्टी ठेवा, खाजवू नका. किती सुजलं यावरून माशी ओळखायला जाऊ नका, एकाच माशीने एकाला टिचभर गाठ येते आणि दुसऱ्याचा हात सुजतो. लाली पसरत गेली, पू झाला, ताप आला तर डॉक्टरला दाखवा, आणि ओठ-चेहरा सुजला किंवा श्वास लागला तर फोटोबिटो सोडून तडक हॉस्पिटल गाठा.