विज्ञानकथेतील सूडाने पेटलेला नायक कसा लिहावा

विज्ञानकथा लिहू पाहणारे नवे लेखक सूडाचा नायक उभा करतात, तेव्हा सगळा भर त्याच्यावर झालेल्या अन्यायावर देतात. वसाहत उद्ध्वस्त झाली, बाप डोळ्यांदेखत मारला गेला, एवढे सांगितले की पुढे त्याने काहीही केले तरी वाचक त्याच्याच बाजूने राहील, असा त्यांचा समज असतो. अन्यायामुळे सहानुभूती मिळते हे खरे. पण माणूस कसा आहे हे त्यातून कळत नाही, कारण अन्याय त्याने केलेला नसतो, सोसलेला असतो. त्याची पारख होते ती सूडाची किंमत त्याने कोणाकडून वसूल केली यावरून. म्हणून कथानक रचण्याआधी एका कागदावर दोन रकाने आखावेत. पहिल्यात अपराध्यांची नावे लिहावीत आणि दुसऱ्यात अपराध नसताना ज्यांना झळ पोहोचणार आहे त्यांची. दुसरा रकाना कोरा राहिला, तर लेखकाने नायकासाठी रस्ता झाडून ठेवला आहे असे खुशाल समजावे.

ग्वाल्हेरच्या माणसाला याचा नमुना फार दूर शोधावा लागत नाही. फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्नचा, पाणबुडीतून समुद्र पालथा घालणारा कॅप्टन निमो १८७०च्या कादंबरीत आपली ओळख लपवून राहतो. नंतरच्या एका कादंबरीत तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि सत्तावन्नच्या उठावातला पराभूत योद्धा असल्याचे उघड होते. फुलबागेजवळच्या राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीवरून येजा करणाऱ्या आम्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी मंडळींना असा माणूस परका कसा वाटेल? पण राणी १८५८च्या जूनमध्ये रणांगणात समोरासमोर लढताना पडल्या, आणि निमो पाण्याखालून, शत्रूच्या हाती न लागता, त्याचे जहाज फोडतो. हा फरक डोळ्यांआड करू नये. सिंहलच्या समुद्रात हाच निमो एका गरीब पाणबुड्याला शार्कच्या तावडीतून सोडवून त्याच्या हाती मोत्यांची पिशवी ठेवतो, आणि हाच तीन निरपराध माणसांना जन्मभर आपल्या पाणबुडीत डांबून ठेवायचे ठरवतो. युद्धनौका बुडवल्यावर तो एका स्त्रीच्या आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून हुंदके देतो. बुडालेल्या खलाशांच्या घरीही अशाच तसबिरी असतील, हे वाचकाला नेमके तेव्हाच सुचते.

विज्ञानकथेत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे सूडाचे साधन. अश्वत्थाम्याने झोपलेल्या द्रौपदीपुत्रांना मारले हे सर्वांना आठवते, परंतु आपल्या कामाचा प्रसंग त्यानंतरचा आहे: अर्जुनाला आपले अस्त्र आवरता आले, अश्वत्थाम्याला ते जमेना, आणि त्याने ते उत्तरेच्या गर्भावर वळवले. तेव्हा यंत्र असे निवडावे की पेच त्याच्या गुणधर्मातूनच निघेल. पृथ्वीवरून मंगळापर्यंत संदेश पोचायला, ग्रहांमधील अंतरानुसार, साधारण ३ ते २२ मिनिटे लागतात. समजा, नायकाने मंगळावरच्या वसाहतीचा प्राणवायू तोडण्याची आज्ञा पाठवली, आणि पाचव्या मिनिटाला त्याला कळले की शत्रूची लहान मुलगीही तिथेच आहे. आता रद्द करण्याची आज्ञा कितीही घाईने सोडली तरी ती पहिलीच्या मागे पाच मिनिटांनीच पोचणार. तो ती सोडतो का, आणि उत्तर येईपर्यंत खोलीत काय करत बसतो, हे सावकाश लिहावे. अवकाशातल्या चकमकींना एक परिच्छेद पुरतो.

खलनायकावर फार शाई खर्च करू नये. तो दुष्ट आहे एवढे वाचक मान्य करतोच, आणि त्याला अधिकाधिक क्रूर करत नेणे ही बहुतेक वेळा नायकाला सोडवण्याची लेखकाची पळवाट असते.

निवेदन मात्र नायकाकडे देऊ नये, कारण त्याच्या तोंडी प्रत्येक कृत्याला सबब तयार असते. दुसऱ्या रकान्यातले एखादे नाव उचलावे आणि कथा त्याला सांगू द्यावी. निमोची गोष्ट प्राध्यापक आरोनाक्स सांगतो. तो त्याचा चाहता आहे आणि त्याचा कैदीही.