माळ्यावरची गिटार पुन्हा वाजती करताना

गिटार माळ्यावरून खाली काढलीत की लगेच खुंट्या पिळून सूर लावायला जाऊ नका. पन्नास वर्षांची गंजलेली तार ताण पडला की तुटते आणि सरळ डोळ्यावर येते. आधी सगळ्या तारा अर्धा-अर्धा फेरा करत सैल करा. एक पूर्ण काढून मग दुसरीला हात घालायचा नाही. मानेवरचा ताण सारखा उतरला पाहिजे. त्यानंतर धूळ झटका. ओलं फडकं नको, मऊ सुती कापड पुरे.

माझी गिटार 1974 सालची. गिरगावातल्या एका सुतारकाकांनी ती जुन्या दाराच्या सागवानी चौकटीतून केली. परदेशी गिटार घेणं आमच्या घरात कुणाच्या ध्यानीमनी येण्यातलं नव्हतं. एका मित्राची दोन रात्रींसाठी मागून आणली, वर्तमानपत्रावर तिचा आकार काढला, आणि फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, अंतरं काकांनी कागदाच्या पट्टीवर टाचणीनं टोचून घेतली. त्यांनी आयुष्यात गिटार ऐकलेली नव्हती, पण एकही फ्रेट चुकला नाही. पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडून अॅम्प्लिफायरकडे पाठवणारं चुंबक, आमच्या बँडमधल्या माझगावच्या बेसवाल्याच्या मामानं आणलं, तो बोटीवर होता. 1972 साली लेड झेपेलिन या इंग्लिश रॉक बँडचे पेज आणि प्लँट कुलाब्याच्या स्लिप डिस्क या डिस्कोमध्ये वाजवून गेले होते. आम्ही चौघांपैकी तिथं कुणीच नव्हतं, पण त्या ऐकीव रात्रीवर आमचा बँड उभा राहिला आणि चौदा महिने टिकला.

नव्या तारा लावून सुरात आणल्या की मान तपासा. जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट राहते ते बघा. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. जास्त असेल तर मान पुढं वाकलीय. आत ट्रस रॉड, म्हणजे मान सरळ ठेवणारी लोखंडी सळई, असेल तर एका वेळी पाव फेराच द्या, आणि पुढचा पाव दुसऱ्या दिवशी. माझ्या गिटारीत रॉड नाही, त्या काळी इथं केलेल्या पुष्कळ गिटारींत नसायचा. अशा वेळी उपाय एकच, बारीक तारा. नऊ नंबरचा सेट लावा, म्हणजे सगळ्यात बारीक तार 0.009 इंचाची. मानेवरचा ओढा बराच कमी होतो.

हे शहाणपण आम्हाला तेव्हाच आलं होतं, वेगळ्या कारणानं. मिळणाऱ्या तारा इतक्या जाड असत की स्वर ओढताच येत नसे. मग गणपतीच्या मिरवणुकीत वाजतो त्या बॅन्जोची बारीक तार पहिलीच्या जागी लावायची, सेटमधली पहिली दुसरीच्या जागी, दुसरी तिसरीच्या जागी, आणि सगळ्यात जाड तार पाकिटातच ठेवायची.

फ्रेट काळे पडले असतील तर सगळ्यात बारीक स्टील वूलनं हलके घासा, पण त्याआधी पिकअपवर चिकटपट्टी लावा. लोखंडाचा भुगा चुंबकाला चिकटला की निघत नाही. फ्रेटबोर्डचं लाकूड सुकं दिसलं तर खनिज तेलाचे दोन थेंब कापडावर घेऊन पुसा. घरात हाताशी असतं म्हणून खोबरेल लावू नका, ते खवट होतं. खुंट्यांच्या दात्यांना शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. कोपऱ्यातले डाग, सिगारेटनं भाजलेली खूण, बोटांनी झिजलेली जागा मात्र तशीच राहू द्या. पॉलिशवाला म्हणेल नवीन करून देतो. देऊ नका.

आवाजाच्या बटणांत खरखर असतेच. अॅम्प्लिफायर न जोडता प्रत्येक बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत तीस-चाळीस वेळा फिरवा. तेवढ्यानं भागलं नाही तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. जोडल्यावर पिकअपवर स्क्रू-ड्रायव्हर हलकेच टेकवा. टक् असा आवाज स्पीकरमधून आला तर पिकअप जिवंत आहे. माझ्या पिकअपमधून तो आवाज आला तेव्हा मी खुर्चीत बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

जुना व्हॉल्व्हचा अॅम्प असेल तर त्याची पिन भिंतीत घालूच नका. आतले कपॅसिटर वाळलेले असतात, आणि वीज काढल्यावरही त्यात जीवघेणा दाब राहू शकतो. जाणत्या मेकॅनिककडेच न्या. आमचा स्वतःचा अॅम्प कधी नव्हताच. मंडपाच्या लाउडस्पीकरवाल्याकडून भाड्यानं आणायचो.

सूर लावायला आज फोन आहे. आम्ही माझ्या आजीच्या भजनातल्या पेटीवर लावायचो. जाड तारेपासून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. अजून मला तारांची नावं याच क्रमानं आठवतात. नव्या तारा पहिले दोन-तीन दिवस उतरत राहतात, त्या हातानं हलकेच ताणून पुन्हा लावा. मग बाराव्या फ्रेटवरचा दाबलेला स्वर आणि त्याच जागी नुसतं बोट टेकवून निघणारा स्वर ताडून बघा. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचा, म्हणजे गिटारीच्या अंगावर तारा बसतात त्या भागावरचा, तारेचा टेकू मानेपासून लांब सरकवा.

तार पिळताना वरच्या टोकाला टिक् असा आवाज आला, तर ती नटच्या, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचेत अडकतेय. पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. माझा नट सुतारकाकांनी टूथब्रशच्या दांड्यातून कापलेला आहे. दुसरी तार त्यात कायम अडायची आणि गाण्याच्या मध्यावर उतरायची. बदलावा असं सगळे सांगतात. मी बदललेला नाही.

बोटांना घाई करू नका. दिवसाला दहा मिनिटं, कातडी घट्ट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. आधी उजव्या हाताचा ठेका येऊ द्या, डावा मागोमाग येतो. आणि जुनं गाणं आठवेना तर तेव्हाच्या सोबत्याला फोन करा. प्रत्येकाच्या डोक्यात त्यातला निराळा तुकडा शिल्लक असतो. आमचा बेसवाला 1975च्या ऑगस्टमध्ये आखातात गेला, तिथून पुढं कॅनडाला. गेल्या महिन्यात मी फोन टेबलावर ठेवला आणि आम्ही स्वतः बांधलेलं एकमेव गाणं सुरुवातीपासून वाजवलं. दुसऱ्या कडव्यापर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, "थांब रे. दुसरी तार उतरलीय."

उतरली होती. मी लावून घेतली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.